‘जरा ॲडजस्ट करा’ : एका इंग्रजी क्रियापदाचा अर्थ, उगम आणि वापर

(दहिसर इथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आज आपण एकच शब्द घेणार आहोत. इंग्रजीतलं एक साधं क्रियापद, ‘ॲडजस्ट’. इथे बसलेल्यांपैकी कुणालाही त्याचा अर्थ सांगायची गरज नाही. इंग्रजी शाळेत न गेलेली आजीसुद्धा हा शब्द वापरते, आणि अगदी बरोबर ठिकाणी वापरते. मग त्यावर तासभर बोलायचं कशाला? कारण जो शब्द आपण विचार न करता वापरतो, तोच आपल्याकडून बरंच काही करवून घेत असतो. ‘ॲडजस्ट कर’ या दोन शब्दांवर आपल्याकडे लोकल चालते, घरं चालतात, लग्नं ठरतात, आणि कित्येकांची आयुष्यंही जातात.

या विषयाला दहिसरसारखी दुसरी जागा नाही. चर्चगेटहून निघालं की दहिसर हे मुंबई महापालिकेच्या हद्दीतलं शेवटचं स्टेशन, आणि विरारकडून आलं की पहिलं. सकाळी विरार, नालासोपारा, वसई, नायगाव, भाईंदर, मीरा रोड असं करत भरत आलेली गाडी दहिसरला लागते. बसायला जागा मिळायचा प्रश्नच नसतो. त्यामुळे दहिसरच्या माणसाच्या दिवसाची सुरुवात पुष्कळदा याच विनंतीनं होते : “जरा ॲडजस्ट करा.”

आज आपण तीन गोष्टी बघू. हा शब्द आपण कसा वापरतो, तो आला कुठून, आणि त्याच्या मुळात असं काय आहे जे आपण वापरता वापरता विसरलो.

आपण तो कुठे कुठे वापरतो

आधी वापर. आपल्या कानावर पडणारी वाक्यं आठवून बघा.

“टीव्हीचा आवाज ॲडजस्ट कर.” इथे वस्तू आहे, ती कमी-जास्त करायची आहे. इंग्रजीतलाही हा अगदी सरळ अर्थ.

“सुट्टे नाहीत, दोन रुपये पुढच्या वेळी ॲडजस्ट करू.” हा हिशेबाचा अर्थ. भाड्याच्या घराचं डिपॉझिट शेवटच्या महिन्याच्या भाड्यात ॲडजस्ट करतात, तो हाच. इंग्रजीतही हिशेबात हा शब्द चालतो, त्यामुळे इथेही आपण फार लांब गेलेलो नाही.

“काहीतरी ॲडजस्टमेंट करू ना साहेब.” हा टेबलाखालचा अर्थ. त्यावर अधिक बोलायला नको, सगळ्यांना कळला.

“दोन पक्षांत सीट ॲडजस्टमेंट झाली.” हा निवडणुकीतला अर्थ. मराठी वर्तमानपत्रं त्याला ‘जागावाटप’ म्हणतात. ‘वाटप’ हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

“दादा, जरा ॲडजस्ट करा ना.” ही चौथी सीट. लोकलचं बाक तिघांचं असतं. चौथा येऊन कडेला टेकतो, अर्धा बाकावर, अर्धा वाटेत.

आणि शेवटचा, सगळ्यात जड अर्थ : “मुलगी ॲडजस्ट करणारी हवी.” “सुरुवातीला त्रास होईल गं, मग आपोआप ॲडजस्ट होशील.” “एवढं तर ॲडजस्ट करावंच लागतं.”

आपल्याकडेच हे असं आहे असं समजू नका. हिंदीत ‘थोड़ा एडजस्ट कर लो’ आहे, आणि बंगळुरूचं ‘स्वल्प ॲडजस्ट माडी’ तर त्या शहराची ओळखच होऊन बसलंय. पण इंग्लंडमध्ये ट्रेनच्या बाकाजवळ उभं राहून कुणाला नुसतं ‘प्लीज ॲडजस्ट’ म्हणालात, तर तो माणूस गोंधळेल. विचारेल, काय ॲडजस्ट करू? खिडकी? पट्टा? चष्मा? जागा द्या म्हणायला त्याच्याकडे वेगळे शब्द आहेत. आपल्या वाक्यात त्याला एक गोष्ट सापडत नाही. कुठली, ते व्याकरणात बघू.

कर्म कुठे गेलं?

इंग्रजीत हे क्रियापद मुख्यतः सकर्मक आहे. ॲडजस्ट म्हटलं की लगेच ‘काय’ सांगावं लागतं : घड्याळ, किंमत, आरसा. दुसरी रचना म्हणजे ‘टू’ लावून, एखाद्या गोष्टीशी जुळवून घेणं : नव्या शहराशी, अंधाराशी, थंडीशी. म्हणजे काय बदलायचं ते तरी सांगा, नाहीतर कशाशी जुळवायचं ते तरी.

मराठीनं हा शब्द घेतला आणि नेहमीप्रमाणे त्याला ‘करणे’ जोडलं. फोन करणे, कट करणे, ट्राय करणे, तसंच ॲडजस्ट करणे. त्यात गैर काही नाही, मराठीची ही जुनी आणि सोयीची रीत आहे. पण ‘जरा ॲडजस्ट करा’ या वाक्यात काय बदलायचं तेही नाही आणि कशाशी तेही नाही. उरलं काय? फक्त ‘तुम्ही करा’.

ही गाळणूक गाडीत सभ्यतेची असते. ‘सरका’ म्हटलं तर हुकूम वाटतो. ‘ॲडजस्ट करा’ म्हटलं की समोरच्याला वाव राहतो. त्यानं मांडीवरची बॅग वर ठेवायची, पाय आवळायचे की बूड दोन इंच सरकवायचं, ते त्याचं तो ठरवतो. शिवाय सगळं डोळ्यांसमोर असतं, त्यामुळे न सांगितलेलं कर्म सगळ्यांना दिसतं.

घरात तेच वाक्य म्हटलं की मात्र कर्म दिसत नाही. ‘ॲडजस्ट कर’ म्हणजे नक्की काय कर? नोकरी सोड? झोप कमी कर? बोलणं ऐकून घे? दारू पिऊन आलेल्या माणसाला जेवायला वाढ? हे शब्द उघड उच्चारायचे झाले, तर सांगणाऱ्याची जीभ अडखळेल. ‘ॲडजस्ट’ म्हटलं की अडखळत नाही.

मराठीतला आणखी एक बारकावा बघा. आपण म्हणतो ‘ॲडजस्ट करून घे’. हे ‘घेणे’ मराठीत फार बोलकं आहे. ‘जेवून घे’, ‘शिकून घे’, ‘औषध लावून घे’ : कृती करणाऱ्याच्या स्वतःच्या भल्याची असते तेव्हा आपण ‘घे’ म्हणतो. दुसऱ्यासाठी असेल तर ‘दे’ : ‘लिहून दे’, ‘करून दे’. आता ‘तू ॲडजस्ट करून घे’ या वाक्यात सोय कुणाची होणार असते? बहुतेक वेळा सांगणाऱ्याची. पण व्याकरण म्हणतं, घे, तुझ्याच भल्याचं आहे.

गिळलेले मराठी शब्द

या एका शब्दानं मराठीतले निदान सहा-सात शब्द गिळलेत.

जागा करून देणं म्हणजे ‘सरकणं’. दुसऱ्याला आपल्यात घेणं म्हणजे ‘सामावून घेणं’. दोन्ही बाजूंनी थोडं थोडं सोडणं म्हणजे ‘तडजोड’. स्वभाव ओळखून वागणं म्हणजे ‘जुळवून घेणं’. कमी आहे त्यात काम चालवणं म्हणजे ‘भागवणं’. वाद मिटावा म्हणून माघार घेणं म्हणजे ‘नमतं घेणं’. चुकीचं आहे हे कळत असून गप्प बसणं म्हणजे ‘खपवून घेणं’. आणि दुसरा इलाज नाही म्हणून झेलत राहणं म्हणजे ‘सोसणं’.

ही यादी सरकण्यापासून सोसण्यापर्यंत जाते. पहिल्या टोकाला माणूस मोकळा आहे, शेवटच्या टोकाला नाही. मराठीनं या प्रत्येक पायरीला वेगळा शब्द दिला होता. आपण सगळ्यांवर ‘ॲडजस्ट’चं एकच लेबल लावलं आणि पायऱ्या दिसेनाशा झाल्या. खोलीत पाहुणे आले म्हणून खाली गादी घालून झोपणं हेही ॲडजस्ट, आणि रोज अपमान ऐकणं हेही ॲडजस्ट. आम्ही इंग्रजी शब्दांच्या विरोधात नाही. पण जो शब्द फरक पुसतो, त्याच्याबाबतीत सावध राहायला हवं.

शब्द आला कुठून

आता उगम. लॅटिनमध्ये ‘युक्स्टा’ असा एक शब्द आहे. अर्थ : जवळ, शेजारी, अगदी लागून. त्याला ‘कडे’ अशा अर्थाचा ‘अॅड’ हा उपसर्ग लागून उत्तरकालीन लॅटिनमध्ये क्रियापद झालं, ‘अद्युक्स्तारे’. अर्थ काय? जवळ आणणं, शेजारी ठेवणं. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये जोडणं, भर घालणं या अर्थाचं क्रियापद आलं. आजच्या फ्रेंचमध्ये ‘अजूते’ म्हणजे भर घालणं, ते हेच. इंग्रजीत हा शब्द चौदाव्या शतकाच्या शेवटी एकदा आला, आणि साधारण १६०० च्या सुमारास फ्रेंचमधून पुन्हा एकदा आला.

म्हणजे बघा, ‘ॲडजस्ट’चा अगदी मूळचा अर्थ ‘शेजारी शेजारी येणं’. लंडनच्या माणसाला ‘प्लीज ॲडजस्ट’ कळत नाही, पण दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन माणसाला विरार लोकलमध्ये बसवलं आणि मूळ शब्द सांगितला, तर त्याला तो पटकन कळेल. चौथ्या सीटवर आपण शब्दशः तेच करतो, एकमेकांच्या जवळ सरकतो. आपल्याला इतिहास माहीत होता म्हणून हे झालं नाही. बाक तिघांचं होतं आणि माणसं चार होती, म्हणून झालं.

मग मधला ‘ड’ कुठून आला? सुरुवातीला इंग्रजीत हा शब्द ‘ड’शिवाय लिहीत. पुढे पंडितांनी लॅटिन रूपाची आठवण ठेवून स्पेलिंगमध्ये ‘ड’ घातला. फ्रेंचांनी तो ‘ड’ पुढे टाकून दिला, इंग्रजांनी लिखाणात ठेवला, पण उच्चारात वेगळा ऐकू येत नाही. ते साधारण ‘अजस्ट’ म्हणतात आणि जोर दुसऱ्या अक्षरावर देतात. आपण मात्र स्पेलिंग वाचून शिकलो, म्हणून ‘ड’ स्वच्छ उच्चारतो.

प्रवासात आणखी एक गंमत झाली. लॅटिनमध्ये ‘युस्तुस’ असा दुसरा शब्द आहे. अर्थ : न्याय्य, योग्य. इंग्रजीतला ‘जस्ट’ आणि ‘जस्टिस’ त्याच्यापासून आले. मुळात त्याचा ‘युक्स्टा’शी संबंध नाही. पण कानाला दोन्ही सारखे. लोकांना वाटलं, ‘ॲडजस्ट’ म्हणजे ‘जस्ट’ करणं, योग्य ठिकाणी आणणं. या समजुतीचा शब्दाच्या अर्थावर परिणाम झाला. व्यवस्थित लावणं, प्रमाणात आणणं, नीट बसवणं हे अर्थ बळावले. भाषाशास्त्रात याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. व्युत्पत्ती म्हणून ती चूक, पण आमच्या मते फार चांगली चूक. कारण तिच्यामुळे या शब्दात दोन गोष्टी आल्या : जवळ येणं आणि न्याय.

एका मुळाची भावंडं

अजून एक पायरी मागे जाऊ. ‘युक्स्टा’ ज्या धातूपासून आला, तो आपल्या ओळखीचा आहे. संस्कृतात तो ‘युज्’. त्यापासून योग, युग, युगल, संयोग. बैलांच्या मानेवरचं ‘जू’ तेही संस्कृत ‘युग’वरून आलेलं. इंग्रजीतला ‘योक’, म्हणजे जूच, हाही त्याच घरातला, आणि लॅटिनचा ‘युगुम’ म्हणजेही जू. तेव्हा दहिसरच्या लोकलमधलं ‘ॲडजस्ट’ आणि शेतातलं ‘जू’ लांबचे का होईना, पण भाऊबंद आहेत.

या घरातली इंग्रजीतली चार भावंडं समोर ठेवू. एक ‘जाउस्ट’ : घोड्यावर बसून भाला रोखून एकमेकांवर धावून जाण्याचा जुना युरोपी खेळ. तोही ‘युक्स्टा’वरूनच, कारण दोन स्वार जवळ येतात. जवळ आल्यावर जागा होते किंवा मारामारी होते, हे लोकलच्या प्रवाशाला वेगळं सांगायला नको. दुसरं ‘ॲडजस्ट’. तिसरं ‘कॉन्ज्युगल’, म्हणजे दाम्पत्याचं. शब्दशः अर्थ, एका जुवाला बरोबर जोडलेले. आणि चौथं ‘सब्ज्युगेट’, म्हणजे गुलाम करणं. शब्दशः अर्थ, जुवाखाली आणणं.

शेजारी येणं, बरोबर जोडलेलं असणं, खाली दबलेलं असणं. मूळ एकच. एकातून दुसऱ्यात माणूस कधी घसरतो, ते पुष्कळदा त्याचं त्यालाही कळत नाही.

जुवाचा विषय निघालाच आहे तर शेतकऱ्याकडून एक गोष्ट शिकू. एका जुवाला दोन बैल, पण दोघांची ताकद सारखी नसते. जाणता शेतकरी काय करतो? ओढ जिथून जाते तो जुवावरचा बांध मध्यावरून थोडा ताकदवान बैलाच्या बाजूला सरकवतो. त्यामुळे ताकदवान बैलावर जास्त भार येतो, अशक्त बैलावर कमी. हा तरफेचा नियम आहे. म्हणजे तिथे बैलाला कुणी सांगत नाही की बाबा, तूच ॲडजस्ट कर. तिथे जू ॲडजस्ट करतात.

तोटा वाटून घेण्याचा धंदा

इंग्रजीत एक पेशा आहे, ‘ॲव्हरेज ॲडजस्टर’. मुंबईसारख्या बंदराच्या शहरात हा माहीत असायला हवा. समुद्रात जहाज वादळात सापडलं. बुडू नये म्हणून कप्तानानं काही माल समुद्रात फेकला. जहाज वाचलं, बाकीच्यांचा माल वाचला. आता ज्याचा माल फेकला, त्यानं काय करायचं? नशीब म्हणायचं आणि गप्प बसायचं?

समुद्राचा कायदा म्हणतो, नाही. सगळ्यांसाठी एकाचं नुकसान केलं असेल, तर ते नुकसान सगळ्यांनी भरून द्यायचं. ज्याची जेवढी मालमत्ता वाचली, त्यानं त्या प्रमाणात. हे तत्त्व इतकं जुनं आहे, की रोमन कायद्यात ते ऱ्होड्स बेटाचा कायदा म्हणून नोंदलेलं आहे. हा वाटा कुणाचा किती, हे काढून देणारा माणूस म्हणजे ॲव्हरेज ॲडजस्टर. लंडनमध्ये या लोकांची संघटना १८६९ साली स्थापन झाली.

या धंद्यात ‘ॲडजस्ट’ करणं म्हणजे एकानं तोटा गिळणं नव्हे. तोटा मोजायचा, कागदावर मांडायचा, आणि ज्यांना फायदा झाला त्या सगळ्यांत वाटायचा. मघाशी ‘जागावाटप’ म्हणालो होतो, त्यातलं ‘वाटप’ ते हेच.

आता चौथ्या सीटकडे पुन्हा बघा. तिथे तोटा कसा वाटला जातो? खिडकीतला भिंतीला चिकटतो, मधले दोघे खांदे आवळतात, आणि चौथा अर्ध्या जागेवर टेकतो. सगळ्यांना थोडं थोडं अडचणीचं. कुणा एकाला उठवत नाहीत. नेहमीच्या ग्रुपमध्ये तर पाळी असते. विरारपासून बसून आलेला अर्ध्या वाटेत उठतो आणि उभं असलेल्याला बसवतो. बायकांच्या डब्यात ‘कुठे उतरणार?’ विचारून सीट आधीच सांगून ठेवतात, एकीची उठली की दुसरीची. हे कायद्यात लिहिलेलं नाही, पण हिशेब आहे आणि तो सगळ्यांसमोर आहे.

या उलट घरातलं बघा. लग्नानंतर घर कोण बदलतं? आडनाव? उठायची वेळ? चहाची चव? मूल झाल्यावर नोकरी कोण सोडतं? म्हाताऱ्या माणसाची रात्रीची हाक कुणाला येते? ही सगळी ॲडजस्टमेंट बहुतेक घरांत एकाच बाजूला सरकत जाते. बाकावरचे तिघे पाय पसरून बसलेत आणि चौथीला म्हणतायत, ॲडजस्ट कर. हे गाडीत कुणी चालवून घेईल का? पूर्ण डबा बोलेल. घरात डबा नसतो.

ज्याच्याशी ॲडजस्ट होऊ नये असं काही

विसाव्या शतकात या शब्दाला मानसशास्त्रानं हातात घेतलं. परिस्थितीची सवय होणं, तिच्यात बसणं या अर्थानं ‘ॲडजस्ट’ रुळला. जो नीट बसतो तो ‘वेल ॲडजस्टेड’, जो बसत नाही तो ‘मॅलॲडजस्टेड’, म्हणजे त्याच्यातच काहीतरी बिघाड.

१ सप्टेंबर १९६७ रोजी वॉशिंग्टनमध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या अधिवेशनात मार्टिन ल्यूथर किंग बोलले. त्यांनी याच शब्दाला हात घातला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा : मनाचे आजार टाळायला माणसानं परिस्थितीशी जुळवून घ्यायला हवं, हे खरं. पण वर्णभेद, धर्मांधता, मूठभरांच्या चैनीसाठी बाकीच्यांच्या तोंडचा घास काढून घेणारी व्यवस्था, हिंसा, यांच्याशी कधीही जुळवून घेऊ नये. अशा बाबतीत न जुळणं हाच शहाणपणा. हे ते आधीही अनेक ठिकाणी बोलले होते, पण या वेळी ते शब्द घडवणाऱ्यांच्याच समोर बोलले.

आता हे आपल्या रुळांवर आणू. उपनगरी गाडीतल्या गर्दीसाठी रेल्वेच्या भाषेत ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असा शब्द आहे. एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ उभे प्रवासी. एक चौरस मीटर म्हणजे साधारण घरातल्या कॅरम बोर्डपेक्षा थोडी जास्त जागा. त्यात चौदा माणसं. ९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींच्या बाजूनं जात असताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्यांतले काही गेले. त्या दारातल्या माणसांनी काय केलं होतं? ॲडजस्ट. दहिसरच्या फलाटावरूनही रोज सकाळी माणसं तेच करतात.

आत बसलेल्यानं सरकून उभ्याला जागा दिली, तर ती माणुसकी. पण माणसं वर्षानुवर्षं सरकतात म्हणून गाड्या वाढवायची घाई कुणाला वाटत नसेल, तर तीच माणुसकी दुसऱ्या कुणाच्या तरी सोयीची होते. आपल्या भागात एप्रिल २०२२ मध्ये मेट्रो सुरू झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये दहिसर पूर्वपासून अंधेरीपर्यंतचे दोन्ही मार्ग पूर्ण झाले. त्या गाड्यांत बाकं भिंतीला लागून लांबलचक आहेत, तिथे ‘चौथी सीट’ हा प्रकारच नाही. म्हणजे काही प्रश्न माणसांनी सरकून सुटत नाहीत, बाक बदलून सुटतात. शेतकरी जू सरकवतो, तसंच हे.

मग वापरायचा कसा?

शब्द टाकून द्या असं आम्ही म्हणत नाही. टाकून जाणारही नाही. फक्त जिथे तो जड होतो तिथे तीन प्रश्न विचारायचे.

पहिला, काय? गाळलेलं कर्म परत वाक्यात आणा. ‘ॲडजस्ट कर’ ऐवजी ‘तू नोकरी सोड’ असं म्हणून बघा. वाक्य तोंडातून निघतंय का?

दुसरा, आणखी कोण सरकलं? ॲडजस्ट म्हणजे जवळ येणं, आणि जवळ यायला दोघं लागतात. एकच जण सरकत असेल तर मराठीत त्याला वेगळे शब्द आहेत. ते मघाशी सांगितले.

तिसरा, किती दिवस? अंधेरीपर्यंत, की कायमचं? गाडीतल्या ॲडजस्टला स्टेशन असतं.

प्रश्नोत्तरं

*एका तरुण श्रोत्याचा प्रश्न : ऑफिसच्या ई-मेलमध्ये ‘काइंडली ॲडजस्ट’ लिहिलेलं चालेल का?*

भारतातल्या माणसाला कळेल. परदेशी माणसाला लिहिताना कर्म घाला : मीटिंगची वेळ ॲडजस्ट करा, बिलातली रक्कम ॲडजस्ट करा. आणि ‘जरा सांभाळून घ्या’ एवढंच म्हणायचं असेल, तर हे क्रियापद नकोच. सरळ लिहा, की उशीर होतोय, दोन दिवस द्या. तेच जास्त नम्र वाटतं.

*एका काकांचा प्रश्न : सगळे असे हिशेब मांडायला लागले तर घरं टिकतील का? ॲडजस्ट करणं ही आपली ताकद आहे.*

काका, ताकद आहेच. एका खोलीत आठ-आठ माणसांनी संसार केले, गावाहून आलेल्याला ठेवून घेतलं, त्यावर ही मुंबई उभी राहिली. ते ‘सामावून घेणं’ होतं. पण ज्या घरात हिशेब मांडायचा नसतो, तिथेही हिशेब असतोच, फक्त एकाच्या मनात असतो. जहाजवाल्यांनी तोटा वाटून घेतला म्हणून व्यापार थांबला नाही. उलट, आपला माल फेकला तरी भरपाई मिळेल हे माहीत असल्यामुळे लोक माल चढवायला तयार झाले.

*एका मावशींचा प्रश्न : आम्ही आमच्या सासूबाईंच्या हाताखाली सगळं ॲडजस्ट केलं. कुणी विचारलं नाही. मग आताच्या मुलींनी का नाही करायचं?*

मावशी, हा आजचा सगळ्यात खरा प्रश्न आहे, आणि तुम्ही तो भर सभेत विचारलात. तुम्ही जे सोसलंत त्याचं देणं कुणावर तरी होतं, आणि ते कुणी फेडलं नाही. ते देणं खरं आहे. पण हिशेबाच्या भाषेतच बोलायचं तर, एका खात्याची जुनी बाकी दुसऱ्याच खातेदाराच्या नावावर ॲडजस्ट करता येत नाही. सुनेनं ते देणं घेतलेलं नव्हतं. ज्यांच्याकडून यायला हवं होतं, त्यांच्याकडून आजही येऊ शकतं. निदान ‘तू खूप केलंस’ एवढं तरी. ते अजून कुणी म्हटलं नसेल, तर ते मागण्याचा हक्क तुमचा आहे.

वेळ संपत आली. ‘ॲडजस्ट’ हा शब्द दोन हजार वर्षं चालत आला, वाटेत त्याला एक परका ‘ड’ मिळाला आणि एक उसना न्याय मिळाला. आपण तो घेतला आणि ‘करा’ जोडून घरात आणला. आता जेव्हा तो कानावर पडेल, तेव्हा दोन्ही बाजू सरकतायत ना, एवढं बघू या.